बेर्टाचा वाढदिवस आणि चौऱ्याऐंशी सह्या

स्कूनर रस्ता १७, वेनडाम
९ मार्च

चिरंजीव एप्पो यास (चौसष्टाव्या वर्षीही तू मला चिरंजीवच, त्याला इलाज नाही),

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुला पुरून उरले तर भावजयीला, डोरीनलाही दे. तुझा डावा गुडघा कसा आहे? (उजवा असेल तर तोही.) तिकडे कॅनडात अजून कमरेइतकं बर्फ आहे, हे डोरीनच्या नाताळच्या कार्डावरून कळलं. कार्डावर तुझी सही नव्हती. थंडीनं बोटं आखडली असतील असं मी धरून चालले आहे. माझं म्हणशील तर एकाहत्तराव्या वर्षी जे जे दुखायला हवं ते सगळं दुखतं, जास्तीचं काही नाही. नोव्हेंबरात तू फोन आपटलास त्याबद्दल या पत्रात मी एक अक्षरही लिहिणार नाही. (लिहिलंच तर अगदी शेवटी.) आज लिहायचं कारण आनंदाचं आहे. आम्ही जिंकलो.

काल सकाळी मी घरावर झेंडा लावला. शाळेची परीक्षा पास झाली की काठीला दप्तर टांगतात ना (तू दुसऱ्या खेपेला पास झालास तेव्हा आईनं टांगलं होतं), तसंच. पण माझ्याकडे दप्तर कुठलं? म्हणून बाबांची अवजारांची चामडी पिशवी टांगली. अवजारं काढायचं लक्षात राहिलं नाही, त्यामुळे काठी वाकली आणि झेंडा शेजारी बोल्हाउस मास्तरांच्या कुंपणात शिरला. तरी झेंडा तो झेंडा. येणारा-जाणारा सायकल थांबवून विचारत होता, "फेना, काय पास झालीस?" मी म्हणत होते, "अख्खी वस्ती."

हे प्रकरण मी तुला फोनवर सांगायला सुरुवात केली होती, पण तू तिसऱ्याच वाक्याला तापलास, तेव्हा आता निवांत सांगते. कालव्याकाठी सांडपाणी साफ करायचं केंद्र आहे ना, तिथून बाहेर पडणारं पाणी हिवाळ्यातही कोमट असतं. त्यातली ऊब काढून घ्यायची, यंत्रानं वाढवायची आणि जमिनीखालच्या पाइपांतून घरोघरी पोचवायची, असा नगरपालिकेचा बेत. मग घर तापवायला गॅस नको, बॉयलर नको. आपल्या वस्तीत घरं एकशेवीस. एकतीस मार्चच्या आत चौऱ्याऐंशी घरांनी सही केली तर पाइप आपल्याकडे. एक जरी कमी पडलं तरी ते जाणार कालव्यापलीकडच्या वस्तीला. तीच, जिच्या गल्ल्यांना फुलांची नावं आहेत. पोहायचा तलाव त्यांना मिळाला, वाचनालय त्यांना मिळालं, आणि आपल्या वाट्याला काय आलं, तर एक बसथांबा, तोही त्यांच्याकडे जाणाऱ्या बसचा. आता आपल्याच संडासांची ऊब त्यांच्या दिवाणखान्यात जाणार म्हटल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसरंही कारण होतं, आणि ते तुला ठाऊक आहे. आपल्या पायाखालचा गॅस उपसून उपसून जमीन हलली, या ग्रोनिंगेन प्रांतात तडा न गेलेलं घर दाखवायला बक्षीस ठेवावं लागेल अशी अवस्था झाली. शेवटी उपसणं सरकारनंच थांबवलं. आता आपण कुठून कुठून आणलेला गॅस जाळतो. तू म्हणालास, "बाबांनी घातलेले पाइप तू उपटणार? बाबा थडग्यात कूस बदलतील." अरे, पण बाबांनी तरी काय केलं होतं? चौसष्ट साली तीच चामडी पिशवी खांद्याला लावून ते घरोघर फिरले, कोळशाच्या शेगड्यांना चिकटून बसलेल्या बायकांना समजावलं, नव्या निळ्या ज्योतीवर स्वतः अंडं तळून दाखवलं. तेव्हा लोक त्यांनाही म्हणालेच की, बापजाद्यांचा कोळसा सोडून हे काय खूळ. मी तेच काम करते आहे, फक्त अंडं नाही तळत. (आणि तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतोस.)

समितीची अध्यक्ष मी कशी झाले ते ऐक. पहिल्या सभेला मी कॉफी आणायला उठले आणि परत आले तेव्हा झाले होते. मग नोव्हेंबर ते जानेवारी सात सभा झाल्या. आपल्याकडच्या सभा तुझ्या आठवणीत असतीलच: प्रत्येकाला मत असतं, प्रत्येकाचं मत ऐकलं जातं, प्रत्येकाच्या मताची नोंद होते, कॉफीबरोबर एकेक बिस्किट मिळतं, डब्याचं झाकण लागतं आणि सगळे समाधानानं काहीही न ठरवता घरी जातात. सात सभांनंतर सह्या किती? एकोणीस. नगरपालिकेची अन्नेलोट नावाची मुलगी (बत्तीस वर्षांची, पण मला मुलगीच) डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "फेनाबाई, आता दारोदार जावं लागेल." गेले. दार उघडायचं, फटीतून नाक दिसायचं, आणि नाक म्हणायचं, "आत्ता? तशी काही वेळ ठरली नव्हती ना आपली." मग डायरी यायची. जोडीदाराची डायरी यायची. दोन्ही डायऱ्यांचं जुळलं की तीन आठवड्यांनंतरचा मंगळवार, सव्वादहा ते पावणेअकरा. या हिशेबानं एकतीस मार्च उजाडेपर्यंत मी स्कूनर रस्त्याच्या टोकालाही पोचले नसते.

मार्ग सापडला तो हिल्केच्या संडासात. हिल्के म्हणजे कोपऱ्यावरच्या घरातली, घटस्फोट झालेली. तिथे बसले असता समोर भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर होतं. (कॅनडात ते कुठे टांगतात देव जाणे, आपल्याकडे जगात जागा एकच.) घरातल्या झाडून सगळ्यांचे वाढदिवस महिनावार लिहिलेले. आणि एकदम डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्या गावात माणूस वेळ ठरवल्याशिवाय यमालासुद्धा आत घेणार नाही, पण वाढदिवसाला शेजारी आला तर त्याला दारातून परत पाठवता येत नाही. खुर्ची द्यावी लागते. केक द्यावा लागतो. आणि एकदा खुर्च्यांच्या गोलात बसलं की सुटका नाही, उठायचं म्हटलं तर बावीस गुडघे ओलांडावे लागतात. मी बसल्या जागी पर्समधून पेन्सिल काढली आणि हिल्केचे जानेवारी ते मार्च उतरवून घेतले.

त्या दिवसापासून मी प्रत्येक घरी एकच विनंती करू लागले. दार उघडलं की कळवळून म्हणायचं, "सहीचं राहू दे, पण जरा संडासात जाऊ का?" एकाहत्तर वर्षांच्या बाईला नाही म्हणायची कुणाची छाती आहे? गल्लीत बातमी पसरली की फेनाच्या मूत्राशयाचं काही खरं नाही. दोघींनी औषधं सुचवली, एकीनं आणूनही दिलं. मी सगळं निमूट सोसलं, कारण पंधरा दिवसांत माझ्या वहीत अख्ख्या वस्तीचे वाढदिवस होते. आणि एक शोध लागला, की आपल्या घरातलं कॅलेंडर सोडून बाकी सगळ्यांची डोळ्यांच्या उंचीवर टांगलेली असतात. आपलंच काय ते गुडघ्याच्या उंचीवर, बसल्याशिवाय वाचता येत नाही. तू कॅनडाहून यायचास तेव्हा आपण त्यावरून आईला चिडवायचो, आणि आई बाबांकडे बोट दाखवायची, आठवतं?

मग मी जे सुरू केलं त्याला मोहीम म्हणावं लागेल. हातात फुलांचा गुच्छ, पर्समध्ये फॉर्म. आत शिरायचं, गोल फिरून, आपल्या रीतीप्रमाणे, ज्याचा वाढदिवस त्याच्या प्रत्येक नातलगाचा हात हातात घ्यायचा: आईबद्दल अभिनंदन, सासूबद्दल अभिनंदन, मेहुण्याबद्दल अभिनंदन. केकपर्यंत हवापाण्याचं बोलायचं. केक संपून चीजचे तुकडे आणि मोहरीची चटणी येईपर्यंत जी पोकळी असते तिच्यात विषय काढायचा. कुणी म्हणालं, "संडासाचं पाणी घरात येणार म्हणे," की मी म्हणायची, "अगं, दुधाचं भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून दूध तापवतेस ना? पाणी दुधात शिरतं का? तसंच." गोलात बसलेल्या एकीनं सही केली की दुसरीला न करणं जड जातं. फेब्रुवारीत मी एकतीस वाढदिवस खाल्ले. वजन चार किलो वाढलं, ते मी वस्तीसाठी वाढवलं आहे.

अडचण आली ती पुन्हा हिल्केकडेच. नियम असा की घराचे जितके मालक तितक्या सह्या हव्यात, एकाची कमी असली तर ते घर मोजायचंच नाही. हिल्केचं घर अजून तिच्या आणि तिच्या माजी नवऱ्याच्या, युरियनच्या नावावर, आणि दोघं सहा वर्षांत एकमेकांशी बोललेली नाहीत. मी त्यांच्या लेकीचा वाढदिवस गाठला. दोघं गोलात बरोबर समोरासमोर, मध्ये केक. युरियन छताकडे बघून म्हणाला, "तिनं केली तर मी करीन." हिल्के खिडकीकडे बघून म्हणाली, "त्यानं आधी करावी." शेवटी मी दोन फॉर्म दोन गुडघ्यांवर ठेवले, "एक, दोन, तीन" म्हटलं, आणि लेकीनं टाळ्या वाजवल्या. मी घरी येताना मनात म्हटलं, घराला दोन मालक असले की माणसाला काय काय करावं लागतं.

आणि आता बोल्हाउस मास्तर. त्यांनी पहिल्याच सभेत उभं राहून सांगितलं होतं, "दुसऱ्यांच्या संडासावर मी ऊब घेणार नाही," आणि सातही सभांत तेच पुन्हा सांगितलं, कारण नोंद व्हायला हवी. बायको इदा गेल्यापासून पाच वर्षं माणूस एकटा, तंत्रचित्रकला शिकवण्यात जन्म गेलेला, कुंपणाची झुडपंही पट्टी लावून कापतो. त्यांच्या कॅलेंडरवर मला चार मार्चला एकच नाव सापडलं: बेर्टा. नात असेल, पुतणी असेल. मी ट्यूलिप घेतले आणि दुपारी तीनला हजर झाले. हात हातात घेऊन म्हटलं, "मास्तर, बेर्टाबद्दल अभिनंदन."

मास्तर थबकले. "तुला कसं कळलं?"

"शेजारी ना आपण. किती वर्षांची झाली?"

"सत्तावीस."

"वा. तब्येत छान ना?"

"हल्ली सकाळी उठताना कण्हते," मास्तर हळूच म्हणाले. "मध्येच बंदच पडते. मग मी दोन थापट्या मारतो."

मी जरा मागे सरकले. "डॉक्टरला दाखवलंत का?"

"दाखवलं की. तो म्हणतो, हिचे सुटे भाग आता मिळत नाहीत. ये, भेटायचंय ना? माळ्यावर असते."

एप्पो, ट्यूलिप हातात घेऊन मी तो जिना कशी चढले माझं मला माहीत. सत्तावीस वर्षांची बाई, कण्हणारी, माळ्यावर ठेवलेली. पोलिसांचा नंबर आठवत आठवत वर पोचले तर समोर भिंतीवर बॉयलर. पुसून लख्ख, खाली छोटी सतरंजी. नाव इदानं ठेवलं होतं. बसवला त्या दिवशी ती म्हणाली म्हणे, "आता या घरात माझ्यापेक्षा गरम डोक्याची एक आली," आणि तिनंच कॅलेंडरवर तारीख लिहिली. मास्तर म्हणाले, "तिच्या अक्षरातलं तेवढं एकच नाव आता जिवंत आहे. बाकीच्यांपुढे क्रूस पडले." मग मला कळलं की सातही सभांत मास्तर संडासाबद्दल बोलतच नव्हते.

मी फुलं बॉयलरसमोर ठेवली. (दुसरीकडे कुठे ठेवणार?) जिन्यावर बसलो आम्ही दोघं. मी म्हटलं, "मास्तर, ऐन थंडीत एक दिवस ती अर्ध्यातच बंद पडेल आणि कोणीतरी परकं माणूस येऊन तिला भंगारात नेईल. त्यापेक्षा चालती-बोलती आहे तोवर मानानं निवृत्त करू या. नोकरीतली माणसं होतात तशी." बेर्टा तेवढ्यात कण्हली. मग ते म्हणाले, "निरोपसमारंभ करायचा. केक, पाहुणे, सगळं. आणि भाषण मी करणार." मी म्हटलं, "खुर्च्या मी आणते." त्यांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं आणि पट्टीवर ओढावी तशी सरळ सही केली. ते झालं त्र्याऐंशीवं घर. जिना उतरताना मी रडले, हे तू कुणाला सांगू नकोस.

आणि चौऱ्याऐंशीवं? सांगते, घाई करू नकोस. तर काल झेंडा लागला. अन्नेलोट आली, नगरसेवक आले, केकचे दोन तुकडे खाल्ले (एकच ठरला होता). पलीकडच्या फुलांच्या वस्तीतली माणसं कुत्री फिरवायच्या मिषानं पुलावर उभी राहून बघत होती. त्यांतल्या दोघांकडे कुत्रंच नव्हतं. नगरसेवकांनी माझं नाव घेतलं आणि टाळ्या पडल्या. मला वाटलं होतं मी नम्रपणे मान खाली घालीन, पण नाही घातली. बाबांची पिशवी काठीवर हलत होती आणि मी तिच्याकडे बघत ताठ उभी राहिले. साठ वर्षांपूर्वी या गल्लीनं बाबांवर विश्वास ठेवला, काल त्यांच्या लेकीवर ठेवला. मला फार आनंद झाला, एप्पो. तू इथे हवा होतास.

डोरीनला आठवण सांग. गुडघ्याला शेक दे.

तुझी (सध्या गल्लीत बरीच लोकप्रिय)
ताई, फेना

ता. क. चौऱ्याऐंशीवं घर म्हणजे स्कूनर रस्ता १७. आपलं. बाबांच्या मृत्युपत्राप्रमाणे अर्धं तुझं. माझी सही झाली आहे. तुझी व्हायची आहे. अन्नेलोटनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "निघाली आहे, कॅनडाहून येते, वाटेत बर्फ आहे," आणि तिनं यादीत पेन्सिलनं खूण केली. म्हणजे मी मोजण्यात चूक केलेली नाही, थोडं आधी मोजलं इतकंच. फॉर्म सोबत आहे, सही कुठे करायची तिथे फुली मारली आहे, फोनवरून फोटो पाठवलास तरी चालतो म्हणे. झेंडा लागलेला आहे, केक खाल्ला गेला आहे, बोल्हाउस मास्तर भाषण पाठ करताहेत. तो झेंडा सगळ्या गल्लीसमोर मला उतरवायला लावू नकोस.

ता. क. २. रागावून पत्र बाजूला टाकायच्या आधी हे वाच. परवा सफाईसाठी मी आपल्या संडासातलं कॅलेंडर काढलं. मागे तडा आहे. कॅलेंडरच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत, आणि त्याच्या कडेनं पेन्सिलनं बारीक तारखा, बाबांच्या अक्षरात. जमीन हलली त्या त्या दिवसाच्या, अठरा वर्षांच्या, प्रत्येकीपुढे तडा किती मिलिमीटर रुंदावला ते. आपल्याला सांगायचे, "घर जरा बसतंय, म्हातारपणी माणूसही बसतो." म्हणजे त्यांना सगळं कळत होतं, आणि ते झाकायला कॅलेंडर इतकं खाली टांगलं होतं. शेवटच्या तारखेखाली एक ओळ आहे: "पाइप चांगले होते." चांगलेच होते, एप्पो. इतक्या वर्षांत एकही गळला नाही. मी त्यांचं काही उपटत नाही. त्यांनी जे मोजून ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही, ते मी सांगते आहे. फोटो सोबत आहे. अक्षर ओळखशील.

ता. क. ३. गोमांसाचा रस्सा मंद आचेवर चार तास शिजवायला मी मागच्या खोपटात सहलीचा एक छोटा गॅस सिलिंडर ठेवला आहे. अध्यक्षांनीही माणसाचाच जन्म घेतलेला असतो. हे पान वाचून झालं की जाळ.

ता. क. ४. कॅलेंडर पुन्हा लावलं आहे, आता डोळ्यांच्या उंचीवर. नोव्हेंबरात तू फोन आपटलास तेव्हा मी एप्रिलमधलं तुझं नाव खोडलं होतं. पेन्सिलनं होतं म्हणून निघालं. काल परत लिहिलं, शाईनं. सही कर किंवा नको करूस, ते आता निघणार नाही. (पण कर.)